तिसरा चौकोन

१२ मार्च, मंगळवार

आठवड्यांत मोजा, म्हणाले डॉक्टर. महिन्यांत नको.

स्वादुपिंड. डोळे पिवळे दिसले तेव्हा मी साधी कावीळ धरून चालले होते.

डॉक्टरांना गाडी ह्यांनीच शिकवलेली. दोनदा नापास झाले होते ते! आज त्यांची मान वर होईना. तर हे म्हणतात, "डॉक्टर, नजर समोर. खाली बघून कुणाला गाडी चालवता आलीय?"

जिन्यात मला म्हणाले, "कॅप्टनला कळवायचं नाही."

कॅप्टन म्हणजे आमचा मुलगा. पाणबुडीवर आहे, साधा खलाशी. पण पाच वर्षांचा असल्यापासून ह्यांच्या तोंडी कॅप्टनच. एक तारखेला बोट निघाली. पावणेतीन महिने पाण्याखाली. त्याच्याकडून काही येत नाही, येणारही नाही. आपण आठवड्याला चाळीस शब्द पाठवायचे, बस.

१३ मार्च

तो कागद सारखा डोळ्यांपुढे येतोय. निघण्याआधी घरी आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत होता. बोट खाली असताना घरचं कुणी गेलं तर काय करायचं? तीन चौकोन. पहिला – लगेच सांगा. दुसरा – बोटीच्या प्रमुखाला योग्य वाटेल तेव्हा. तिसरा – जमिनीला पाय लागल्याशिवाय सांगू नका.

त्याने तिसऱ्यावर खूण केली. पेन अडखळलंसुद्धा नाही. हे म्हणाले, "शहाणा आहेस. खाली कळून करणार काय, काच उघडून डोकं बाहेर काढणार?"

दोघं हसले. मीही हसले! आमच्यातलं कोण जाणार होतं?

१५ मार्च, शुक्रवार

संदेशाचा दिवस. फोनवर सांगायचा, बंदरातल्या कचेरीतली बाई लिहून घेते. आवाजावरून तिशीची असेल. तिचे नियम पाठ झालेत – आजारपण नको, भांडण नको, उत्तर मागणारा प्रश्न नको. वाईट काही गेलंच तर तीच खोडते.

"बाबांनी काल गाडी दोनदा धुतली. पुसून पुसून रंग काढणार! जिन्यातला दिवा एकदाचा लागला. तुझी खोली झाडून ठेवली आहे. आम्ही मजेत. आई."

एकवीस शब्द. त्यातला दिवा तेवढा खरा.

सत्तावीस वर्षं वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती घेतेय. लोक रडत चार पानं लिहून आणतात, मी तीस शब्दांत बसवून देते. हात बसलेला आहे. त्याचीच आज किळस आली.

२२ मार्च

तिसरा संदेश. बत्तीस शब्द. 'आई' सोडून सगळे खोटे.

२८ मार्च

आज खालच्या मजल्यावरच्या बाईशी वाजलं. सगळा जिना तिला रेडिओ म्हणतो, उगाच नाही म्हणत. जिन्यात मला गाठून म्हणते, "माझा भाचा बंदरावर कामाला आहे ना, त्याला तुमचा मुलगा दिसला म्हणे. बाजारात. पिशवीत कांदे घेऊन."

म्हटलं, "पाण्याखाली कांद्याचं दुकान निघालंय का?"

"अहो, दिसला म्हणाला, मी काय…"

"भाच्याला म्हणावं डोळे तपासून घे."

जरा जास्तच बोलले. पण हिला माहीत नाही का? तो पाणबुडीवर निवडला गेला तेव्हा मीच आमच्या अंकात छापून आणलं होतं – फोटोसकट, चौकटीत. मजकूर माझा. 'समुद्राच्या पोटात उतरणारा आपल्या गावचा पहिला.' संपादक म्हणाले होते, "बाई, आज पहिल्यांदा तुमच्या हातून जिवंत माणूस छापला जातोय." कात्रण रेडिओच्याही दारात नेऊन दिलं होतं. एक त्यालाही पाठवलं. त्यावर काही बोलला नाही. लाजला असेल.

२ एप्रिल

हे जेवत नाहीत. दोन चमचे पेज, तीही माझ्यासाठी.

दुपारी खिडकीशी बसवलं. खाली शिकवणीची गाडी उभी – दोन ब्रेकवाली. शेजारी कुणीतरी वाकडी गाडी लावून गेलं होतं. अंगात त्राण नाही आणि म्हणतात, "जाऊन सांग त्याला. हे काय लावणं झालं?"

गाडी लावणं म्हणजे ह्यांचा प्राण! कुठेही गेलो तरी मला आणि मुलाला दाराशी सोडायचे – "व्हा पुढे" – आणि मनासारखी जागा मिळेपर्यंत घिरट्या. किती नाटकांचा पहिला अंक मी शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बघितला! लोक विचारायचे, हे कुठे? मुलगा सांगायचा, "बाबा गाडी लावतायत." चार वर्षांचा असल्यापासून.

मला मात्र शिकवली नाही. म्हणायचे, बायकोला गाडी शिकवणं म्हणजे घटस्फोटाचा अर्ज.

९ एप्रिल

आज फोन केला. शुक्रवार नसताना.

ठरवूनच केला होता. म्हणणार होते, नियम गेला खड्ड्यात, बोट वर काढा, माझ्या मुलाला त्याचा बाप जिवंत असताना आणून घाला. वाक्यं लिहून ठेवली होती.

"बोला काकू. काही सांगायचंय का?"

आतल्या खोलीतून ह्यांचं खोकणं थांबलं. ऐकत होते.

तिथे साठ माणसं आहेत. तोच म्हणाला होता, खाली एकाचा हात चुकला तर सगळ्यांचा चुकतो. आणि – खरं लिहिते – पाणबुडीवरच्या मुलाची आई रडत फोन करते, हे मला चालणार नव्हतं. स्वतःची कीव आली तरी चालणार नव्हतं.

म्हटलं, "नाही हो. संदेश त्याच्यापर्यंत पोचतात ना, एवढंच."

ती म्हणाली, "पोचतात, काकू. अगदी हातात पोचतात."

आत गेले तर ह्यांनी डोळे मिटलेले. "शाब्बास," म्हणाले. मला ते शाब्बास नको होतं.

१४ एप्रिल

रात्रंदिवस कळा. आता मला ओळखतात ते फक्त हातावरून.

सकाळी मध्येच स्वच्छ बोलले. "कॅप्टनला सांग. गाडी मागे घेताना नुसत्या आरशावर विसंबायचं नाही. मान वळवून मागे बघायचं."

म्हटलं, सांगेन.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी.

१९ एप्रिल, शुक्रवार

धाकटे भाऊजी परवा येऊन सगळं करून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, पोराला कळवा. उद्या तो तुम्हाला विचारेल." त्यांना चौकोनाचं सांगितलं. ते म्हणाले, "कागदाला काय कळतं?"

बंदरातल्या कचेरीला कळवलेलं नाही. कळवलं की कुणालातरी दया येणार, कुणीतरी बोलणार. संपादकांनी जाहिरातीचं विचारलं, स्वतः लिहितो म्हणाले. त्यांनाही नको म्हटलं. आमचा अंक बंदरापर्यंत जातो. कुणा खलाशाच्या बायकोने वाचलं आणि तिच्या चाळीस शब्दांत निसटलं तर? सत्तावीस वर्षं लोकांची माणसं छापली. घरचं माणूस तेवढं छापलं नाही.

अकरा वाजता फोन.

"गच्चीवरची टाकी धुतली. गाडी सावलीत लावली आहे. बाबांचे जुने विद्यार्थी घरी येऊन गेले. तुझी वाट पाहते. आई."

"काकू, आज सतराच?"

"हो. आज सतराच."

२६ एप्रिल

संदेश दिला. काय दिला आठवत नाही.

४ मे

रेडिओ डबा घेऊन आली. बसली. चक्क काही बोलली नाही. जाताना भिंतीवरच्या कात्रणाकडे बघून म्हणाली, "अभिमान वाटतो हो आम्हाला." मी मान हलवली.

तिचं पाऊल जिन्यावर वाजेनासं झालं तेव्हा ते कात्रण उतरवलं. कपाटात टाकलं. मग वाटलं, पोराने काय गुन्हा केलाय? परत लावलं. वाकडं लागलंय. राहू दे.

घरात दोन जोड चपला, दोन टूथब्रश, दोन उशा. कुणी विचारलं, बाई, अभिमानाचं काय केलंत, तर सांगेन, जेवायला बसवलाय समोर. बोलत मात्र नाही.

कशासाठी उठायचं सकाळी? शुक्रवारसाठी.

११ मे

त्याला कसं सांगायचं ते लिहून बघतेय. आधी दोन पानं झाली. मग चाळीस शब्द. मग बारा. शेवटी दोन उरले – 'बाबा गेले.' याहून छाटता येत नाही.

तो विचारेल, कधी? सतरा एप्रिल. आणि तू एकोणीसला टाकी धुतल्याचं कळवलंस?

हो रे.

२२ मे, बुधवार

कचेरीतून फोन. बोट शुक्रवारी लागणार, सकाळी अकराला.

ती बाई म्हणाली, "काकू, यायलाच हवं असं नाही हं. ते येतीलच घरी."

"बाकीच्या आया येतात ना?"

"येतात, पण…"

"मग मी येणार."

काय सांगणार होती कोण जाणे. दुःख कळलं असेल का हिला? निळी साडी इस्त्री करून ठेवली. पांढरी नको, लांबूनच कळेल त्याला.

२४ मे, शुक्रवार

बसने गेले. बोट आली. काळीभोर, वाटली होती त्याहून लहान. शिडीवरून माणसं उतरली, एकेक करून मोजली. बायका धावल्या. शिडी रिकामी झाली. तो नाही.

मग मागून हाक आली. "आई."

मान वळवून बघितलं. रस्त्याच्या बाजूने येत होता, साध्या शर्टात. उन्हाने रापलेला!

"मी गेलोच नव्हतो, आई. पहिल्याच दिवशी झाकण लावलं आणि श्वास येईना. ओरडलो. उतरवलं मला. तेव्हापासून इथेच भांडारात आहे. तू ते सगळीकडे छापलेलं… कुठल्या तोंडाने घरी येणार? कचेरीत त्या ताईंना हात जोडले, सांगू नका म्हणून. दर शुक्रवारी तुझा संदेश घ्यायला जायचो. त्यावरच काढले दिवस."

घरापासून बसने तीन तास.

त्याने डोळे पुसले, माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघितलं.

"बाबा कुठे राहिले? गाडी लावतायत?"