दोन हाका

ता. ११, मंगळवार

प्रिय वन्सं,

हो हो, धावते. तुम्हाला कुणी खोटं सांगितलेलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी, सुनेची जुनी पँट आणि ह्यांचा शर्ट घालून, इथं सुट्टीवर आलेय तरी रोज सकाळी धावते. "वहिनी, हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?" असं विचारलंत. खूळ तुमच्या दादाचंच आहे, मी नुसती पुढं ओढतेय. पत्रातल्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मागाहून सांगते. आधी हे सांगा, गुडघे कसे आहेत? माझे उठल्या उठल्या जुन्या दारासारखे करकरतात आणि मग गप्प बसतात. म्हणजे तुमच्यापेक्षा समजूतदार.

खुळाची गोष्ट अशी. छत्तीस वर्षं दारोदार टपाल वाटून माणूस रिटायर झाला, तर तुम्हीआम्ही पाय पसरून बसलो असतो. हे म्हणाले, आता खांद्यावर पिशवी नाही, आता पळून बघतो. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीचा अठरा आठवड्यांचा तक्ता आणला कुठून तरी आणि चिकटवला फ्रिजवर. पळून आले की त्या दिवसाच्या चौकोनात पेनानं फुली. मी म्हणायची, कुत्रं मागं लागलेलं नसताना पोस्टमन पळतो हे पहिल्यांदाच बघतेय.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत त्यांच्या फुल्या आहेत. गुरुवारचा चौकोन मोकळा. त्या दिवशी पळून आले, पण फुली मारायला घरात आले नाहीत, मागच्या दाराच्या पायरीवरच बसले ते बसलेच. वर्षभर तो कागद तसाच राहिला फ्रिजवर. दूध काढताना रोज दिसायचा. मग एका शुक्रवारी मी बूट घातले. शुक्रवारच्या चौकोनापासून पुढच्या फुल्या माझ्या.

आता तक्त्याला काय माहीत लेकानं तळ्याकाठी दहा दिवस घर भाड्यानं घेतलंय. इथली सुट्टी म्हणजे नऊपर्यंत लोळायचं, अकराला नाश्ता, आणि खाता खाताच दुपारी काय खायचं यावर तासभर चर्चा. मी आपली उजाडताना बूट हातात धरून चोरासारखी बाहेर पडते. लेक म्हणाला, आई, दहा दिवस नाही पळालीस तर काय बिघडतं? मी म्हटलं, तुझं लग्न दहा वर्षं पुढं ढकललं असतं तरी काही बिघडलं नसतं. सून हसली. तो नाही हसला. त्याला वाटतं, मी बापाच्या मागं लागलेय आणि तशीच कुठल्या तरी पायरीवर बसणार.

तळ्याभोवती रस्ता आहे, बरोबर सहा किलोमीटरचा. सकाळी धुकं इतकं, की आपलेच बूट आपल्याला पाहुण्यांसारखे भेटतात. पलीकडच्या काठाला एक शेड आहे, तिथं होड्या पालथ्या घालून ठेवल्यात. पहिल्या दिवशी तिथं मागून हाक आली. "अगं." चार पावलं गेले, परत, "अगं."

मी वळले नाही. म्हटलं, असेल कुणाचा तरी नवरा. निम्म्या जगातल्या बायकांचं नाव अगंच तर आहे. पण पूर्ण फेरी झाली तरी ना कुणाचा नवरा दिसला ना कुणाची बायको.

दुसऱ्या दिवशी शेडपाशी काही नाही. पुढं पाण्याच्या पंपाची खोली आहे, तिथं आली. आज त्याही पुढं, बांधावर. म्हणजे जो कोणी आहे तो रोज थोडा थोडा घराकडं सरकतोय. दोनच हाका. तिसरी नाही.

तुम्हाला भिववत नाहीये, वन्सं. मला स्वतःला भीती वाटली नाही, हेच जरा विचित्र वाटलं म्हणून लिहिलं. सून नाश्त्याला हाका मारतेय. तिला मी एका हाकेत ओ देते. अशा वेळी माझं पोट शहाणं असतं.

शनिवार

पत्र टाकायचं राहूनच गेलं. राहिलं ते बरंच झालं.

आज तक्त्यात तीस किलोमीटर होते, म्हणजे तळ्याला पाच फेऱ्या. लेकानं अट घातली, सून सायकलवरून सोबत येईल. बिचारी झोपाळू डोळ्यांनी पाण्याच्या बाटल्या बांधून आली. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही तुमच्याबद्दल गप्पा मारल्या, वाईट काही नाही, अर्धंच वाईट. तिसऱ्या फेरीला बांधाच्या जरा पुढं तिनं एकदम ब्रेक दाबला.

"आई, तुम्हाला कुणीतरी हाक मारली."

"मला कशाला मारेल? अगं म्हणाला ना तो, तुला असेल."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "अगं म्हणाला हे मी सांगितलंच नाही तुम्हाला."

चौथ्या फेरीअखेर बाटल्या संपल्या, तशी ती पाणी आणायला घराकडं गेली. जाताना म्हणाली, ओ देऊन टाका ना एकदा, कोण आहे ते कळेल तरी. पोर सरळ आहे. तिला आमचा खेळ माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहे. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तिसऱ्या हाकेशिवाय मी कधी ओ दिली नाही. पहिल्या दोन सरावाच्या म्हणायची. तिसरीला ह्यांचा आवाज असा काही चढायचा की शेजारीपाजारी ओ द्यायचे, आणि मग मी पदरात हसू दाबत बाहेर यायची. तुम्ही रागवायचात, वहिनी, माझ्या दादाचा घसा सुकतो. सुकायचाच. मला मजा यायची.

पाचव्या फेरीला मी एकटी. धुकं उतरायचं सोडून दाट होत चाललेलं. पंपाच्या खोलीपासून माझ्या पावलांचा आवाज दुहेरी यायला लागला. वाटलं, थकले, पाय घासत असतील. म्हणून थांबले. माझी पावलं थांबली, आणि मग एक पाऊल उशिरा दुसरी थांबली.

ते गुडघ्याला चोळायचे त्या मलमाचा वास आला.

"अगं." अगदी कानाशी, धापा टाकत. थोड्या वेळानं, "अगं."

मी तिसरीची वाट बघितली, वन्सं. किती वेळ ते ठाऊक नाही, सून पाणी घेऊन परत आली तेव्हा मी तिथंच उभी होते म्हणे. तिसरी आली नाही. मग म्हटलं, आता आपणच ओ देऊ. तोंड उघडलं. आणि तोंडातून काय यावं? "नळ चालू होता." त्यांनासुद्धा मी तेच सांगितलं.

मागची धाप बंद झाली. कुणी कंटाळून तोंड फिरवावं तशी. वासही गेला. राहिलेलं अंतर मी चालत आले, कुणी हाक मारली नाही.

उद्या शेवटचा दिवस, परवा आम्ही निघणार. उद्याही तक्त्यात छोटी फेरी आहे. लेक नको म्हणतोय, पण मी जाणार, आणि तिसरीची वाट न बघता ओ देणार. पण ज्या तोंडानं खोटं सांगत आले त्या तोंडातून ओ निघायची नाही, हे आज कळलं. म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही त्या दिवशीही विचारलंत, या पत्रातही विचारलंत, दादा शेवटी काही बोलला का. मी दर वेळी म्हटलं, नळ चालू होता, मला काही ऐकू आलं नाही.

नळ बंद होता. पायरीवरून त्यांनी मला दोन हाका मारल्या, त्या दोन्ही मला स्वच्छ ऐकू आल्या. मी त्यांचा टॉवेल तोंडात कोंबून दाराआड हसत उभी होते, तिसरीची वाट बघत. चहा आटून करपल्याचा वास आला, तेव्हा बाहेर गेले.

तुम्ही म्हणू द्याल तोवर,
तुमची वहिनी