रिंगमधलं गाऱ्हाणं

१९ एप्रिल

पोस्टर आलं! प्राचीचा फोटो झकास — हनुवटी खाली, नजर वर. खाली आयोजक म्हणून माझं नाव: ‘मेघनाथ परब’! छापणाऱ्याला फोन केला, अहो बाई आहे मी. तर म्हणतो, "बॉक्सिंगचं होतं ना मॅडम, म्हणून मला वाटलं चुकून मेघना झालंय." स्वतःच सुधारून टाकलं! एवढी वर्षं लढती भरवतेय, अजून हॉलवाले विचारतात, साहेब कधी येणार? आता मीच सांगते, साहेब वारले. लग्नच केलं नाही, पण काम पटकन होतं.

यंदाचा एक मे वेगळा आहे. जयवंत परब स्मृती लढती पहिल्यांदा मोबाइलवर थेट दिसणार. लोअर परळच्या त्या अ‍ॅपवाल्या ऑफिसातला हितेंद्र म्हणाला, "मेन बाउट चांगली झाली ना मॅडम, तर वर्षभर तुमच्याबरोबर." आणि प्राची जिंकली तर बँकॉकची लढत तिची. वरळीच्या बीडीडी चाळीतली पोर, अकराव्या वर्षी शाळा चुकवून आमच्या तालमीत आली होती. बघू.

२१ एप्रिल

आज सरावात प्राचीला कानशिलावर ठोसा बसला. तिच्यापेक्षा जड मुलीबरोबर यशोधननेच उतरवलं होतं. एक गुडघा टेकला, उठली, हसली. "काही नाही गं ताई, झोप कमी झालीय." यशोधन म्हणाला, "एवढं चालतं. मी कोच आहे ना, तू पोस्टरं बघ."

बाबा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. एकदम उठले. "घराक चल, घराक चल." घरी जेवले नाहीत. ताट तसंच उचललं.

२३ एप्रिल

प्राची मला विचारते, "ताई, माझं बँडेज बघितलंस?"

दोन्ही हातांना गुंडाळलेलं होतं.

आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

२५ एप्रिल

झोप नीट नाही, म्हणून जुनं सगळं डोक्यात फिरतंय. बाबा गिरणीत होते, साचेखात्यात, मागावर. पाळी संपली की लालबागच्या आमच्या चाळीच्या तळमजल्यावर पोरांना ठोसे शिकवायचे. दौलतमास्तर! गिरण्या बंद पडल्या, तालीम नाही पडली. माझा थोरला भाऊ, जयवंतदादा, त्यांचा सगळ्यात चांगला चेला. कामगार दिनाच्या लढतीत दुसऱ्या फेरीत खाली बसला तो उठलाच नाही. मी तेव्हा नववीत. घरात एकच सांगितलं गेलं — मैदानावर डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, आयोजक जेवायला गेले होते. त्या आयोजकाला मी रस्त्यात कधी ओळख दिली नाही. मेला तेव्हाही गेले नाही.

माझा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे. आधी अँब्युलन्स, मग पोस्टर. माझ्या लढतीला डॉक्टर नाही असं कधी झालं नाही. लोक चेष्टा करतात, परबबाईंच्या रिंगपेक्षा रुग्णवाहिका मोठी. करू देत.

आणि बाबांचं गाऱ्हाणं. तेही मीच सुरू केलं. पहिल्या घंटेआधी बाबा रिंगमध्ये नारळ ठेवून देवाला साकडं घालतात आणि अख्खं मैदान ‘होय म्हाराजा’ म्हणतं. फक्त आई म्हणायची नाही. जिवंत होती तोवर पहिल्या रांगेत बसायची, ओठ घट्ट मिटून. मला वाटायचं, तिचा देवावर राग आहे.

२८ एप्रिल

बाबांना आज माझं नाव आठवलं नाही. पण गाऱ्हाणं म्हणून दाखवा म्हटलं तर धडाधड! रवळनाथापासून बारा पाचाच्या देवांपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हितेंद्रने फोनवर ऐकलं. "हे ठेवाच मॅडम, एकदम ऑथेंटिक आहे, शेअर होईल." याला कोण समजावणार!

प्राचीने उन्हाकडे पाठ करून दोरीउड्या मारल्या. डोळे दुखतात म्हणाली. गॉगल घेऊन दे म्हणाली, चित्रपटातल्यासारखा.

३० एप्रिल

वजन झालं. डॉक्टरांनी तपासलं. "डोकं दुखतं? चक्कर? उलटी?" प्राचीने तिन्हीला नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, सरावात काही लागलं होतं?"

मी म्हटलं, "फिट आहे ती."

खोटं बोलले. इथे तरी लिहिते. जरा काही निघालं असतं तर तिचं बँकॉक गेलं असतं, असं स्वतःला सांगतेय. माझंही गेलं असतं, ते सांगत नाही. देवा, उद्याचा एक दिवस नीट जाऊ दे.

१ मे

अँब्युलन्स आली. बाबांना पांढरी टोपी घातली, नारळ हातात दिला. निघतोय.

२ मे

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

मैदान भरलं होतं. बाबा रिंगमध्ये चढले, माइक धरला. "बा देवा म्हाराजा!" — "होय म्हाराजा!" मोबाइल वर झाले. हितेंद्र खूश. "आज ही पोरा हंय जमली हत, तेंका बळ दी रे म्हाराजा!" — "होय म्हाराजा!" सगळं नेहमीसारखं. मग बाबा थांबले. मला वाटलं, विसरले. मी पुढे झाले तर त्यांचा आवाज आला — हळू, वेगळाच.

"आणि म्हाराजा, माझ्या झिलाक, जयवंताक, परवा तालमीत डोक्याक लागला हा. भोवळ इली तेका. बापाशीन बघल्यान, पण तोंड उघडल्यान नाय. तालमीची अब्रू जायत म्हणान. आज तो खेळतलो. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

आणि अख्खं मैदान म्हणालं, "होय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सवयीने तोंडातून निघून गेलं.

म्हणजे डॉक्टर, गाडी, तो आयोजक... दादा त्यामुळे गेलाच नव्हता. बाबांना माहीत होतं! आईला माहीत होतं! आणि मला? मला तर कालपर्यंत जयवंतदादाचं माहीत नव्हतं, पण प्राचीचं चांगलंच माहीत होतं.

पडद्यामागे धावत गेले. प्राची ग्लव्हज चढवून तयार. डॉक्टरांना हाताला धरून आणलं, सगळं सांगितलं — कानशील, बँडेज, ऊन, माझं खोटं. त्यांनी तिला विचारलं, "आज तारीख काय?" ती हसली. विचार करत राहिली. मग माझ्याकडे बघायला लागली, शाळेत पोरं शेजारच्या पाटीकडे बघतात तशी.

डॉक्टर म्हणाले, "नाही. उतरायचं नाही."

"ताई, तू माझी वाट लावलीस! तू!" तिने ग्लव्ह भिंतीवर आपटला. यशोधन ओरडत होता, "दोन मिनिटं लढू दे, वाटलं तर टॉवेल टाकून थांबवतो ना!" हितेंद्र तर पांढराच पडला. "मॅडम, लाइव्ह आहे! लोकांना काय दाखवू?" मी म्हटलं, रिकामी रिंग दाखव. मग स्वतःच माइक घेऊन लढत रद्द केल्याचं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. बाटल्या आल्या. बाबा खुर्चीत शांत बसून होते.

माझ्या अँब्युलन्सचा पहिल्यांदा उपयोग झाला, तोही लढतीआधी. पहाटे स्कॅनचं कळलं. मेंदूवर रक्त साकळलंय, थोडं. इथले डॉक्टर म्हणाले, "आणखी एक ठोसा बसला असता तर गाडी दारात असून काही झालं नसतं."

मी बाहेर येऊन रडले. जिन्यात, भिंतीला टेकून.

३ मे

प्राची बोलत नाही. तिची आई बोलते, ते जास्त लागतं. "तुमच्या भरवशावर सोडली होती, बाई." मी मान खाली घालून उभी राहिले. दुसरं काय करणार?

४ मे

हितेंद्रचा निरोप — वर्षभराचं विसरा. बरं.

५ मे

बाबांवर संताप येतोय. त्यांची टोपी धुवायला घेतली आणि तशीच टाकून दिली. एका म्हाताऱ्या आयोजकाला जन्मभर शिव्या दिल्या मी, आणि खुनी— नाही, हा शब्द नको. पण मग कुठला? आई त्या रांगेत ओठ मिटून बसायची, दरवर्षी, आणि मी तिला टोमणे मारायचे की देवाला तरी होय म्हण!

विचारायचंय त्यांना. समोर बसवून विचारायचंय — का उतरवलंत त्याला? पण कोणाला विचारू? त्यांना आज आंघोळ झाली की नाही तेही आठवत नाही. आणि विचारणारी मी कोण? तीस तारखेला त्यांच्यासारखीच उभी होते की.

७ मे

प्राचीने आज हाक मारली. "ताई, पाणी दे." एवढंच.

घरी आले. बाबांना पेज भरवत होते. मध्येच म्हणाले, "जयवंत खेळलो काय गो?"

आठवडाभर साठवलेलं सगळं तोंडाशी आलं. चमचा खाली ठेवला.

"नाय बाबा. मी तेका उतराक देवक नाय."

"बरा केलंस," म्हणाले. आणि वाटी स्वतःकडे ओढून सगळी पेज खाल्ली.