अठ्ठ्याण्णव इंचांचा परोपकार

२० ऑगस्ट, रविवार
संकल्प सिद्ध झाला. तळघरात गृहचित्रमंदिर उभारायचे. हेतू सर्वस्वी निःस्वार्थ.

अमेरिकी फुटबॉलच्या हंगामात दर रविवारी आमची मंडळी शेजारच्या ड्वेन लेम्कीच्या तळघरात जमते. ड्वेनचा टीव्ही बेचाळीस इंची. त्यावर चेंडू दिसत नाही, अनुमानाने सिद्ध होतो. शिवाय मार्चमध्ये त्याची पत्नी मार्ज निवर्तली. एकाकी विधुराने दर रविवारी एवढ्या जणांचे आतिथ्य करावे, हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला साहवत नाही. त्याला भारमुक्त करणे हा शेजारधर्म होय.

पत्नीस निवेदन केले. जॉइस म्हणाली, "ड्वेनला विचारलंस?"

तिला तपशिलांत फार रस.

२२ ऑगस्ट, मंगळवार
पडद्याचा आकार हा अभिरुचीचा नव्हे, गणिताचा विषय आहे. बसण्याचे अंतर इंचांत मोजावे, दीडाने भागावे. येईल तो पडद्याचा कर्ण. आमचा सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर. उत्तर बहात्तर.

निळ्या चिकटपट्टीने भिंतीवर बहात्तर इंची आयत आखला. सोफ्यावरून अवलोकन केले. आयत केविलवाणा दिसला. गणितात कुठेतरी मानवी भावनांची उपेक्षा झाली असावी.

२४ ऑगस्ट, गुरुवार
आयत पंच्याऐंशीचा केला. अंतराचा नियम मोडू नये म्हणून सोफा मागे सरकवला. सायंकाळी आयत अठ्ठ्याण्णवचा. सोफा आता पाणी तापवण्याच्या टाकीला टेकला आहे. पाठ किंचित शेकते. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात हा लाभच.

जॉइस म्हणाली, "सोफ्यावरून टीव्ही ठरवतोयस, की टीव्हीवरून सोफा?" प्रश्न तात्त्विक असल्याने उत्तर दिले नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार
कार्यालयातून प्रोजेक्टर उसना आणला. एकशेवीस इंच! परंतु सामने भर दुपारी, आणि झरोक्यातून ऊन थेट भिंतीवर. खेळाडू पिशाच्चवत् दिसले. कोण कोणत्या संघाचा, हे कळेना. काळे पडदे लावण्याचा प्रस्ताव मांडला. जॉइस म्हणाली, "मला त्या तळघरात कपडे धुवायचे असतात, नॉर्ब. चाचपडत नाही धुणार."

प्रोजेक्टर बाद. अठ्ठ्याण्णव इंची टीव्ही मागवला. मन प्रसन्न. झोप मात्र लागली नाही. उकाडा असावा.

२९ ऑगस्ट, मंगळवार
स्थलांतराची वार्ता मंडळींना कळवण्यासाठी त्यांच्यातल्या बुचला फोन केला. बुच म्हणाला, "आणि ड्वेनचं काय? त्याला चालेल?"

मी म्हणालो, ड्वेनला आताशा झेपत नाही.

"असं तो म्हणाला?"

मी म्हणालो, "साधारण."

हे असत्य नव्हे. हे अनुक्त सत्य आहे. ड्वेनने ते उच्चारले नसेल, पण उच्चारायला हवे होते. तथापि 'साधारण' हा शब्द जेवताना घशात अडकला. बटाटे कोरडे होते.

२ सप्टेंबर, शनिवार
टीव्ही आला. दोन माणसांनी खोके दारात टेकवले आणि पोबारा केला. तळघराच्या जिन्याला वळण, खोके वळेना. तोच न बोलावता ड्वेन आला, स्वतःच्या हत्यारांची पेटी घेऊन. त्याने कठडा उतरवला, जड बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उलटा उलटा पायऱ्या उतरला.

खाली येऊन धापा टाकत म्हणाला, "काय राक्षस आणलायस रे! सिनेमे बघा आता दोघं. मार्ज असती तर मलाही टोचून टोचून घ्यायला लावला असता." मग म्हणाला, "रविवारी मात्र माझ्याकडे हं. ग्लास धुऊन पालथे घालून ठेवलेत. खरं सांगू? शनिवारपासूनच घरात जरा बरं वाटायला लागतं."

मी त्या वेळी एक स्क्रू शोधत होतो. त्यामुळे उत्तर द्यायचे राहिले.

५ सप्टेंबर, मंगळवार
ड्वेनला आज सांगण्याचा दृढनिश्चय. प्रातःकाळी तो गवत कापत होता. यंत्राच्या आवाजात नाजूक विषय कसा काढावा? दुपारी तो झोपला असावा. सायंकाळी तो अंगणात मोकळाच बसला होता. परंतु इतक्या निवांत माणसाचा निवांतपणा भंगणे क्रौर्य ठरले असते.

उद्या निश्चित.

७ सप्टेंबर, गुरुवार
'उद्या' ही तिथी टळली. बुचने परस्पर सांगून टाकले.

ड्वेन कुंपणाशी आला. म्हणाला, "नॉर्ब, मी थकलेला दिसतो का रे? बुच म्हणतो, झेपत नाही असं मीच तुला बोललो. मला तर काही आठवत नाही." मग म्हणाला, "हल्ली होतं खरं तसं. परवा मार्जसाठीही कप काढला होता."

खुलासा माझ्या जिभेच्या टोकावर होता. तेवढ्यात तोच म्हणाला, "जाऊ दे. सॉसेज मी भाजून आणतो." मी म्हणालो, "वा!"

माझ्या समग्र शब्दसंपत्तीतून त्या क्षणी हाच शब्द निघावा!

जॉइसला सांगितले.  त्या रात्री भांडी आवश्यकतेहून अधिक नाद करीत घासली गेली.

१० सप्टेंबर, रविवार
उद्घाटन संपन्न. संपन्न म्हणजे संपले.

आमच्याकडे संघ जिंकताना जो जिथे बसला असेल, त्याने तिथेच बसायचे, हा नियम कायद्याहून पवित्र. माझ्या तळघरात कोणाचीच जागा ठरलेली नाही. मंडळी परक्या लग्नात आल्यासारखी भिंतीला टेकून उभी. बुच म्हणाला, "मान इकडून तिकडे फिरवून टेनिस बघितल्यासारखं झालंय." ड्वेन सॉसेजची परात मांडीवर घेऊन टाकीला टेकून बसला होता. माझ्या घरात ती कुठे ठेवावी, हे त्याला विचारवत नव्हते.

मध्यंतराला सतरा-शून्य. आम्ही शून्य.

बुच उठला. "जागा हलवली की नशीब हलतं, लेका. चला ड्वेनकडे!" ड्वेन म्हणाला, "अरे, असं कसं, नॉर्बला काय वाटेल?" पण परात उचलून जिन्यावर सर्वांत पुढे तोच होता. जॉइसही गेली. मी म्हणालो, आवरून येतो. गेलो नाही. स्वाभिमान नावाची वस्तू अशा वेळीच आठवते.

अकस्मात शेजारून आरोळी. माझ्या पडद्यावर काहीच घडलेले नव्हते. अर्ध्या मिनिटाने आमच्या खेळाडूने चेंडू अंतिम रेषेपार नेला. ड्वेनकडे छपरावरचा अँटेना. घटना घडते तेव्हाच पोचते. माझ्याकडे ती इंटरनेटवरून तीर्थाटन करीत येते.

आम्ही जिंकलो. हे मला इतरांहून अर्धे मिनिट उशिरा कळले.

११ सप्टेंबर, सोमवार
ड्वेनच्या घरी गेलो. बसलोही नाही. तू तसे कधीच म्हणाला नव्हतास, मी ते रचले, असे एका दमात सांगितले. विशेषणे वापरली नाहीत.

 तो म्हणाला, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

मी म्हणालो, पूर्णतः.

"गाढवा!" त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "चार रात्री झोपलो नाही मी. डॉक्टरची वेळ घेतली होती." मग तो हसला, आणि ते हसू मला शिवीपेक्षा जड गेले.

मी विचारले, रविवारी येऊ का?

त्याचा चेहरा एकदम धर्मगंभीर झाला. "छे छे. आपण जिंकलो तेव्हा तू कुठे होतास?"

"माझ्या तळघरात."

"एकटा?"

"एकटा."

"मग झालं तर," ड्वेन म्हणाला. "बुचचंही तेच म्हणणं आहे. तू हलायचं नाहीस."

१७ सप्टेंबर, रविवार
जॉइस सॅलडचा वाडगा घेऊन निघाली. म्हणाली, "वाईट वाटतंय रे. पण गेल्या वेळी मी तिकडेच होते, नाइलाज आहे." ड्वेनने माझी थाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली. आत पाऊल टाकले नाही. गेल्या रविवारी जिंकताना तो आत नव्हता. वरूनच म्हणाला, "बरा आहेस ना? काही लागलं तर ओरड. पण उठू नकोस."

मी सोफ्याच्या मध्यभागी. अंतर अचूक, कर्ण अचूक. खेळाडूच्या भुवईवरचा घामही दिसतो.

खेळाचा आवाज बंद केला. तिकडचा ऐकू यावा म्हणून. एक वाजून काही मिनिटांनी शेजारी घर दणाणले. त्या गदारोळात ड्वेनचा आवाज सर्वांत मोठा.

अर्ध्या मिनिटानंतर मीही हात वर केले.