भाचीच्या पायात काटा नको

वरवट बकाल

सौ. वंदनाताईले कोकिळावहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? एरंडाचा पाला बांधत जा. इकडं सारे मजेत, एक तुमचे भाऊ सोडून. फोनच केला असता, पण तुमची प्रतीक्षा रुसून आमचा उचलत नाही अन् तुमचा फोन सदा तिच्याच हातात असते, म्हणून कागद.

तुमची लेक कॉलेजच्या अभ्यासाले रानचिमण्या पाहायले येणार म्हटल्यावर ह्यायच्या अंगातच आलं. (रानचिमणी म्हणजे आपल्या घरातल्या चिमणीवानीच, फक्त गळ्याखाली पिवळा ठिपका.) नाल्याकडच्या आपल्या पडीकात त्या लय हायेत, बोरीच्या झुडपात बसतात, कुसळी गवतातलं बी टिपतात, हे ह्यायनंच तिले फोनवर सांगतलं होतं. इथपर्यंत माणूस शहाणा. मग ध्यानात आलं का येणारी भाची हाय. तिच्या पाया पडल्याबिगर आपल्या घरचा मामा पाणी पेत नाही, अन् त्याच पायात काटा रुतला तर मामा कायचा? झालं. गडी लावले, बोरी तोडल्या, गवत कापलं, सारं पडीक अंगणावानी झाडून काढलं. (घरच्या अंगणाले ह्यायचा झाडू कधी लागला नाही, ते जाऊ द्या.) वरून मधोमध खुर्ची मांडली अन् बाजूले पाण्याचा माठ.

पोरगी दुर्बीण घेऊन आली अन् पाहातच राह्यली. तिचं वर्षभराचं काम त्याच जागेवर होणार होतं. हे खुर्ची पुसत म्हणतात, "बस माय, आता तुले काहीच आडवं येत नाही." आडवं काही नव्हतंच, चिमणीही नव्हती. बिनजेवता गेली, माझे पुरणाचे मांडे तसेच राह्यले. तेव्हापासून हे दिवसभर त्याच खुर्चीत बसून राह्यले. लोकं बुजगावणं समजतात. मले हसूही येते अन् कीवही येते.

तुमचीच,
कोकिळा

ता. क. मुद्द्याचं राह्यलंच. तोडलेल्या काट्यांचा ढीग बांधावर पडला होता, त्यात चिमण्या यायले लागल्या. बाजूच्या बाभळीच्या ढोलीत एका जोडीनं घरटंही केलं. प्रतीक्षाले एक डाव पाठवा. मी लिहिलं म्हणून ह्यायले सांगू नका.

ता. क. पत्र टपालात टाकायले ह्यायच्याच हाती देऊन राह्यली. म्हणजे वाचतीनच.

ता. क. वंदे, वाचलं. खुर्चीत मी उगाच बसत नाही, शेजारच्या बकऱ्या हाकलतो. बोरीले नवे कोंब फुटले. घरट्यात पिल्लं हायेत, उडायच्या आत ये म्हणा तिले. काटे यावेळी जागच्या जागी ठेवले, जाड बूट घालून ये म्हणा.
रामराव