दोननळीचं आमंत्रण

गंगापूर रोड, नाशिक
६ जानेवारी २०२५

चि. सुला हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नातीचं लग्न ठरल्याचं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून मायेचं बोलता येत नाही, तेव्हा आपलं हे टपालच बरं. सृष्टीसाठी त्याच दिवशी मंगलाष्टक लिहायला बसलो. शार्दूलविक्रीडितात आहे, एकही गण चुकलेला नाही. जन्मभर पोरांकडून बाकावर ठोके मारून वृत्तं पाठ करून घेतली, ती शेवटी घरच्या कार्याला कामी आली. प्रत सोबत आहे. त्यातली 'गेली लेक घरातुनी तरि तिची जाई न माया कधी' ही ओळ लिहिताना मला कळवणच्या आपल्या ओट्यावरून उतरणारी तू दिसत होतीस.

मंगलाष्टकाचा फोटो आधीच तुझ्या चिरंजीवांना, म्हणजे नवरीच्या बापाला, पाठवला होता. पन्नाशीचा रविराज, नागपुरात एवढा मोठा बांधकामवाला, पण माझ्या तोंडात बंटीच येतं. परवा त्याचा फोन आला. मंगलाष्टक छान आहे, डीजेवाल्याला विचारून कुठे बसतंय ते बघतो, असं म्हणाला. मग खरा विषय निघाला. मामा, आजोबांची दोननळी बंदूक घेऊन या, विमानाचं तिकीट मी काढतो. माझा गुडघा कसा आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

पाठोपाठ मोबाईलवर नियम आले. चष्मा पुसून सगळे वाचले. विमान कंपनीला आधी कळवायचं, परवाना मूळचाच हवा, बंदूक रिकामी हवी, टणक पेटीत कुलूपबंद हवी, काउंटरवर आपण होऊन सांगायचं, तिथले अधिकारी उघडून बघणार, काडतुसं वेगळी बांधायची, आणि सगळं खालच्या सामानात, आपल्याजवळ काही नाही. व्याह्यांची होत नसेल इतकी सरबराई. मला वाटलं सांगावं, खिडकीची जागा तिलाच द्या आणि मला सामानात टाका.

सुले, मला त्या वस्तूची शिसारी आहे, हे तुला तरी सांगायला नको. बयाबाई आत्याच्या लग्नात बाबांनी मांडवाबाहेर उभं राहून बार काढला, आणि कौलावरचं कबूतर पंगतीत येऊन पडलं ते आठवतं का? माझ्या शेजारच्या पानात. भातावर रक्त. लोक पोट धरून हसले, कुणीतरी पंखाला धरून ते उकिरड्यावर फेकलं, आणि वाढपी पुढे सरकला. त्याच आठवड्यात आम्हाला शाळेत पाखराची कविता लागली होती. गुरुजींनी म्हणायला उभं केलं तर मला ओकारी आली.

बाबांमागे आईच्या शब्दाखातर परवाना नावावर करून घेतला, एवढंच. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून येतो, आणि रिकाम्या हातांनी परत येताना जे हलकं वाटतं ते सांगता येत नाही. मी येईन. ती येणार नाही.

तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
गोरक्ष

*

नागपूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
सुलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. कबुतराचं जेवताना वाचलं, त्याबद्दल तुझे आभार. मास्तर, पत्राच्या वरच लिहीत जा ना, उपाशीपोटी वाचावे म्हणून.

बंटीवर रागावू नकोस. पैसा आल्यापासून त्याला सगळं दाखवायची सवय लागलीय. त्याने व्याह्यांना आधीच सांगून टाकलंय, की आमच्या आजोबांची जुनी बंदूक आहे, ती मांडवात येणार. आता नाही आली तर त्याचं तोंड पडेल. वाजवायची नाही, असं त्याने मला पाटीवर लिहून दाखवलं. टेबलावर मखमल घालून ठेवायची, हार घालायचा, बास. तू लवकर ये म्हणजे मेढीच्या मुहूर्ताला पूजाही होईल.

आणि दादा, बंटीचं सोड, माझं ऐक. बाबा ती बंदूक मध्ये मोडून उघडायचे, आकाशाकडे धरायचे आणि तुला नळीतून बघायला लावायचे. तू तोंड वाकडं करून बघायचास. मी मागे टाचा वर करून उभी. मुलींनी हात लावायचा नाही, असं म्हणायचे. एकदा ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी डोळा लावला होता. सप्तशृंगीच्या गडाचं टोक दिसलं, एवढंसं, गोल, निळं. तेवढ्यात आले आणि कान धरला. तुझ्या वाटणीला शेत आलं, घर आलं, मी कधी अवाक्षर काढलं नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला एकदा त्या नळीतून कुणी कान न धरता बघायचं आहे. एवढं आणशील ना?

गुडघ्याला एरंडेल लाव. रागाला काही लावता येत असेल तर तेही लाव.

लोभ जसा आहे तसाच हवा, वाढवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझी,
सुला

*

गंगापूर रोड, नाशिक
२४ जानेवारी २०२५

चि. सुला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या गडाच्या टोकाने मला हरवलं. आणतो. मात्र तुझ्यासाठी आणतो, बंटीच्या मखमलीसाठी नाही.

मंगलाष्टकाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. असो.

गेले दहा दिवस या वस्तूच्या मागे फिरतो आहे. पोलीस ठाण्यात जाऊन परवाना दाखवला, सगळ्या महाराष्ट्रासाठी आहे हे पक्कं करून घेतलं, कुठे नेतो ते लिहून दिलं. पेटी घेतली, काळी, आतून स्पंज, लहान मुलाच्या पाळण्यासारखी. विमान कंपनीला फोन केला तर पलीकडच्या मुलीने मला शिकारीला जाताय का म्हणून विचारलं. लग्नाला जातोय म्हटलं. तिने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं.

पेटीत ठेवताना हात लावावा लागला. गेल्या दसऱ्याला लांबूनच दोन झेंडू वाहिले होते. आई होती तोवर सगळं तीच करायची, हळदकुंकू लावायची, नळ्यांच्या तोंडात आपट्याची पानं सरकवायची. मी दारातून नमस्कार करायचो. आताही फडक्याने वरवर पुसली, गुंडाळली, कुलूप लावलं आणि साबणाने हात धुतले. तरी जेवताना बोटांना तेलाचा वास येत होता.

आणि काल सृष्टीने आमंत्रणाचा व्हिडिओ पाठवला. नवरानवरी पायऱ्या उतरतात, मागे धूर, आणि वर अक्षरं येतात, की मांडवात प्रवेश बंदुकीच्या सलामीने. सुले, तुझ्या पाटीवर काय लिहिलं होतं?

मी लगेच बंटीला फोन लावला. लग्नात बार काढणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हातात देणं हाही, असं सांगितलं. मी काडतूस आणणार नाही म्हटलं. तो हसला. काडतुसांची काळजी करू नका मामा, इथे सोय झालीय, तुम्ही फक्त बंदूक आणा, आमच्याकडे सगळेच करतात, असं म्हणाला. चिखलात पाय घालून वर तोच पाय दाखवावा, तसं ते हसणं होतं. फोन ठेवला आणि चूळ भरली.

तरी येतो, कारण तुला शब्द दिला. पेटीची किल्ली माझ्या जानव्याला राहील. तू बघशील, मी कुलूप लावीन. तीन फेब्रुवारीला ओझरहून निघतो.

माया कर, पण या वेळी जरा सांभाळून कर.

दादा

*

गंगापूर रोड, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५

चि. सुला हिस,
आशीर्वाद.

मी आलो नाही हे तुला कळलंच असेल. बंटीने काय सांगितलं ते ठाऊक नाही, म्हणून झालं ते लिहितो.

ओझरच्या विमानतळावर काउंटरवर जाऊन मी आपण होऊन सांगितलं, की पेटीत बंदूक आहे. मागची रांग एकदम मागे सरकली. एका बाईने मुलाला ओढून पदराआड घेतलं. जन्मभर पोरांना कविता शिकवलेल्या माणसाला लोकांनी तसं बघावं. लाज वाटली म्हणू की किळस, मलाच कळेना.

दोन अधिकारी आले. नीट वागले, बसायला खुर्ची दिली, परवान्यावरचा नंबर जुळवला. आजवर पोलीस ठाण्यातही नंबरच बघत, नळीच्या आत कोण बघतो? इथे मात्र त्यांनी बंदूक मोडून उघडली, उजेडाकडे धरली, आणि एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. उजेड येत नव्हता. एकाही नळीतून नाही.

मग हालचाल झाली. काउंटर थांबलं, मला उठू नका म्हणाले. आत काय आहे असं विचारलं. मला ठाऊक नव्हतं, आणि तेच मी सांगितलं. हे उत्तर अशा ठिकाणी किती वाईट ऐकू येतं ते तुला तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. त्यांनी गज मागवून हळूच घातला. आधी लाल भुकटी पडली. मला वाटलं वाळलेलं रक्त. ते कबूतर डोळ्यांपुढे आलं. मग एक पान आलं. मग आणखी. दोन पाळ्या जोडलेलं, आपट्याचं. कुंकू, हळद, अक्षता आणि पानांवर पानं, किती दसऱ्यांची कोण जाणे, गच्च बसलेली. आई वर्षानुवर्षं घालत होती, आणि बाबांमागे काढणारं कुणीच नव्हतं.

सगळी निघाली नाहीत. नळी साफ दिसल्याशिवाय ती विमानात चढणार नाही, असं ते म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. विमान माझ्या डोळ्यांसमोर गेलं.

बाकावर बसून बंटीला कळवलं. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगतो. एखाद्या माणसाकडून काडी घालून साफ करून घ्या आणि उद्याच्या विमानाने या, असं म्हणाला. बसला आहात कुठे, काही खाल्लं का, एवढंही नाही. मला पुढे ऐकवेना, म्हणून मी फोन ठेवला.

घरी आल्यावर मात्र बाबांचा आवाज कानात आला. नळीतून आभाळ दिसल्याशिवाय काडतूस घालायचं नाही, तुंबल्या नळीत बार काढला तर नळीच फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडाशी, असं ते दर वेळी सांगायचे. मी ते पाढ्यांसारखं ऐकलं आणि पाढ्यांसारखंच विसरलो.

सुले, बंटीकडे काडतुसं तयार होती. मी किल्ली जानव्याला बांधणार होतो, पण लग्नघरात माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या गळ्यातली किल्ली काढून घ्यायला किती वेळ लागला असता? त्याला विचार, कोण कुठे उभं राहणार होतं.

मी आता लग्नालाही येत नाही. मला सगळ्याचाच वीट आला आहे. मंगलाष्टक तुझ्याजवळ आहे, हवं तर देवापुढे म्हण.

दादा

*

नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी बंटीला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही, म्हणून माझा आवाज शेजारच्या बंगल्यात जातो. गेला तर गेला.

तू म्हणालास तसं विचारलं, कोण कुठे उभं राहणार होतं. त्याने पाटी उलटी ठेवली. पुन्हा विचारलं. तेव्हा सृष्टीनेच पाटी ओढून घेतली आणि लिहिलं. फोटोवाल्याने सांगितलं होतं, पहिला बार नवरीचा. ती पुढे, बंदुकीला गाल लावून, आणि मागून बंटीचा हात तिच्या हातावर.

दादा, मी ती पाटी बंटीपुढे सरकवली. बंटी उठून बाहेर गेला, गाडी घेऊन गेला. काडतुसं ज्याची होती त्याच्या अंगणात टाकून आलो, असं संध्याकाळी त्याने सांगितलं. जेवला नाही. व्याह्यांना काय तोंड दाखवू म्हणून अजून कुरकुर चालू आहे, ती जायची नाही लवकर. माझाच मुलगा आहे, पण त्या दिवशी मला त्याच्या हातचं पाणी घ्यावंसं वाटलं नाही.

तू आईचं म्हणतोस, पण तुला वाटतं ती पूजा होती. तुम्ही पुरुष दारातून नमस्कार करून मोकळे व्हायचात. आत्याच्या लग्नानंतरच्या दसऱ्याला आईने पहिल्यांदा पानं घातली. मी तिथेच बसले होते. हिचं तोंड बंद राहू दे, असं ती म्हणाली. बाबा दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे, ती पुढच्या वर्षी पुन्हा घालायची. बाबा गेले तरी तिने सोडलं नाही. कुणाला बोलली नाही, घालत राहिली.

मंगलाष्टकाबद्दल लिहिलं नाही, कारण त्या ओळीपाशी आले की पुढे लिहिता येत नव्हतं. चहाचं निमित्त करून आत जावं लागलं. डीजेवाल्याला विचारायची गरज नाही. मंगलाष्टक होईस्तोवर त्याने हात बांधून उभं राहायचं, असं मी सांगितलंय, आणि सृष्टीने त्याला ते पुन्हा सांगितलंय. म्हणणार तू. मी तुझ्या तोंडाकडे बघून वाचीन.

बंदूक आणू नकोस. गडाचं टोक मला एकदा दिसलं आहे, तेवढं पुरे. पानं तेवढी आण. एकही टाकू नकोस. देवकापाशी ठेवायची आहेत.

लोभ मागत नाही, माणूस मागते आहे.

तुझी,
सुला

*

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सुला हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचायच्या आधी बहुधा मीच पोचेन, तरी लिहितो. पत्राला उत्तर न देता जाणं मला जमत नाही.

बंदुकीच्या दुकानात उरलेली पानं काढून घेतली. गजाने ठेचू नका, जपून काढा म्हटलं, तेव्हा त्या माणसाने गज ठेवून चिमटा घेतला. मग बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली, आणि ती परत नको आहे असा अर्ज दिला. देण्याआधी एकदा मोडून उघडली आणि बाबांसारखी आकाशाकडे धरली. साफ, गोल, निळं. तू म्हणतेस ते खरं आहे, सुंदर दिसतं. आणि त्याचीच मला जास्त किळस आली. एवढंसं आभाळ बघायला असल्या वस्तूला डोळा लावावा लागावा.

हात धुतले. या वेळी वास राहिला नाही.

पानं आईच्या पितळी डब्यात भरली आहेत. डबा माझ्या मांडीवर राहील. कुणाला आधी कळवायचं नाही, कुठे जमा करायचा नाही.

बंटीला सांग, एक गोष्ट मी स्वतःच्या पैशाने करून घेतली आहे. खिडकीची जागा.

माया ठेव, येतोच आहे न्यायला.

दादा