समोरच्या घराचा भाव

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचा स्वभाव, दोन्ही बरे असतील अशी आशा आहे. (गुडघ्याला निदान मलम तरी मिळतं.) इकडे सगळं ठीक, फक्त गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आमच्या वर्तमानपत्रात घरांच्या भावांचं भाकीत दर रविवारी मीच लिहितो, हे तू जाशील तिथे सांगतेस. इथून जाताना तू म्हणाली होतीस, "भाव उतरू देत, मग तुझ्या समोरचंच घर घेते." तेव्हापासून मी दर रविवारी भाव उतरवतोय. कधी व्याजदर वाढले म्हणून, कधी पुलाचं काम रखडलं म्हणून, एकदा तर काही कारण न देताच. (संपादकांनी तेही छापलं.) भाव मात्र चढतच गेले. आता कोपऱ्यावरचा दलाल माझा लेख काचेवर चिकटवतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, की हे गृहस्थ उतरणार म्हणतायत, तेव्हा आजच घेऊन टाका.

समोरच्या मालकीणबाई, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाकडे राहायला गेल्या. घर विकायचंय, पण विकत नाहीत. परवा घर बघायला आल्या, तेव्हा जिन्यात गाठून त्यांना जीव तोडून समजावलं, की भाव पडायच्या आत विका. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पडणार म्हणताय ना? मग मी थांबते."

हल्ली चहा टाकला की मी त्या बंद दाराकडे बघत बसतो. तू तिथे असतीस, तर दोन्ही दारं सताड उघडी टाकून आपापल्या खुर्चीतून भांडलो असतो. फोनवर भांडण रंगत नाही, ऐन भरात तू "जेवलास का?" विचारतेस आणि सगळं ओम्फस होतं.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. कंटाळून या रविवारी पहिल्यांदाच आकडे बघून लिहिलं: भाव वाढणार. संध्याकाळी बाई धापा टाकत दारात. मी प्रामाणिकपणे सांगितलं, या वेळी खरं आहे. त्या आणखीच घाबरल्या. गेल्या वर्षीच्या भावात तुला द्यायला तयार आहेत. किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्यात.

आणखी एक. दाजी विचारतील, पुढे भाव कुठे जाणार? मला त्यातलं कधीच काही कळलं नाही, ताई. तू यावंस, एवढंच मी दर रविवारी लिहीत होतो. काल खिडक्या पुसून आलो. तुझी खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवू, तेवढं कळव.