मिठाच्या पाण्यात पेटलेला दिवा

अरबी समुद्र,
११ जून २०२४

ती. अप्पांना,
निनादचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मंगळुरूहून निघून आज चौथा दिवस. फोनची रेंज केव्हाच गेली. जहाजावरून ई-मेल तेवढा दिवसातून दोनदा जातो-येतो. रम्याला वाचून दाखवायला सांगा, आणि वाचताना स्वतःच्या भावाची टिंगल करायची नाही म्हणावं.

बसस्टँडवर तुम्ही विचारलंत की पाण्यात पडलास तर कोणाला दिसणार. तेवढ्यात बस सुटली. उत्तर आता देतो. तुम्ही ज्या नारिंगी जॅकेटचा उसवलेला खिसा शिवून दिलात, त्याच्या खांद्यावर एक लहानसा दिवा आहे. त्याला बटण नाही. खारं पाणी लागलं की तो आपोआप पेटतो आणि आठेक तास लुकलुकतो. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, अंधारात तेही नाही; मग बोटवाले हा दिवा शोधत येतात. त्याचा सेल मात्र एकदाच चालतो, वापरला की बदलायचा. शुक्रवारी सकाळी मला उघड्या डेकवर माल बांधलेल्या साखळ्या तपासायच्या आहेत. समुद्र खवळलेला आहे, पण जॅकेट अंगात असेल. तेव्हा काळजी नको, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा लाडका आणि थोडाफार आज्ञाधारक,
निनाद

अग्रहार, म्हैसूर,
१३ जून २०२४

चि. निनाद यास,
अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कामाचं सांगतो. तुझा दिवा संपलेला आहे. ते जॅकेट घालून डेकवर जाऊ नकोस.

बाळा, चूक माझी आहे. आपण रंगाऱ्यांची माणसं. रंगीत कापड मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही, हे माझ्या वडिलांनी मला मारून शिकवलं होतं. रंगाची पिंपं गेली, देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात शिवणाचं मशीन आलं, तरी हाताची खोड जात नाही. तुझं ते भडक नारिंगी, माझा दोरा पांढरा. रंग उतरेल म्हणून बादलीत दोन मुठी मीठ टाकलं आणि जॅकेट बुडवलं. दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं, बरं झालं, चालतो की नाही तेही कळलं! शेजारच्या जमुनाबाईंना बोलावून दाखवला. त्यांनी अय्यो, येष्टु चंद, किती सुंदर, असं म्हणून हातच जोडले. दिवसभर तो दोरीवर लुकलुकत होता. संध्याकाळी विझला, तेव्हा मी समजलो की कापड वाळलं म्हणून विझला.

काल तुझं पत्र रम्याने वाचलं, तेव्हा कळलं की सेल एकदाच चालतो. तिने लगेच तुमच्या ऑफिसला फोन केला. निरोप पाठवतो म्हणाले, पण मला धीर निघेना, म्हणून आज तिला शेजारी बसवून हे टाइप करवतो आहे. मला भीती वाटते रे. वाचलंस की दोन ओळी पाठव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
अप्पा

अरबी समुद्र,
१४ जून २०२४

ती. अप्पांना,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. हे आधी वाचा, पाणी प्या, मग पुढे वाचा.

खराब हवेमुळे दोन दिवस ई-मेल बंद होता; तुमचं पत्र आणि ऑफिसचा निरोप, दोन्ही आज दुपारच्या टपालात आले. सकाळी मी ते जॅकेट घालून दोन तास डेकवर होतो. एक लाट छातीवरून गेली. दिवा पेटला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. पत्र वाचून दिवा उघडला, तर सेल पार संपलेला. आमच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी नवा बसवून दिला. खाऱ्या पाण्याची बादली ऐकून ते आधी हसले आणि मग मला चांगलं फैलावर घेतलं.

कारण चूक तुमची नाही, अप्पा. जहाजावर चढल्यावर प्रत्येक दिवा तपासून कागदावर सही करायची असते. या खेपेला ते काम माझ्याकडेच होतं. सहा जणांचे दिवे मी एकेक उघडून पाहिले. सातवं जॅकेट माझं. त्याच्या खिशावर तुमचे बारीक टाके दिसले, तेव्हा वाटलं, हे अप्पांच्या हातून आलंय, यात काय बघायचं? तशीच सही केली.

जमुनाबाईंना माझा नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमचा
निनाद

अग्रहार, म्हैसूर,
१५ जून २०२४

चि. निनाद यास,
अप्पाचे आशीर्वाद.

पत्र रम्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा नुसता रडलो. रम्याही रडली, पण ती कबूल करणार नाही.

चाळीस वर्षं गिऱ्हाईक माझ्याकडून पुडकं घेतं आणि न उघडता घरी नेतं. याची मला फार ऐट होती. आज दुकानात माझे जुने गिऱ्हाईक वेंकोजीराव कोट न्यायला आले, न बघताच निघाले. मी त्यांना परत बोलावलं आणि अस्तरापर्यंत सगळं उलटून बघायला लावलं. मला बरं वाटत नाही की काय, असं ते विचारत होते.

तुला एकच सांगतो. माझ्या हातून आलं म्हणून कशावरही सही करू नकोस. आधी शंका घे, उघडून बघ, मग अंगात घाल. बापाचा अपमान होईल असं मनात आणू नकोस. मला तुझा विश्वास नको, तू घरी यायला हवास.

वाट पाहणारा,
अप्पा